रोज सकाळी एअर धरणारी जुनी डिझेल जीप: पंप खोलण्याआधी हे तपासा

जुन्या डिझेल गाडीची ही तक्रार गावोगाव सारखीच असते. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. कशीबशी चालू झालेली गाडी मिनिटभर अडखळते आणि बंद पडते. मग बॉनेट उघडून हँड पंप मारायचा, एअर (डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा) काढायची, पुन्हा सेल्फ. एकदा इंजिन तापलं की दिवसभर काही त्रास नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पाढे पंचावन्न.

अशा गाडीचं पुढं काय होतं तेही ठरलेलं आहे. कुणीतरी म्हणतं 'पंप गेला', म्हणजे नोझलना दाबाने डिझेल देणारा इंजेक्शन पंप, तो उतरवला जातो, नोझल बदलले जातात, मोठं बिल येतं, चार दिवस गाडी बरी चालते आणि तक्रार परत येते. चार दिवस बरी चालण्याचं कारण एवढंच, की पंप काढताना सगळे सांधे सुटले आणि नव्याने आवळले गेले. खरा दोष बहुतेक वेळा पंपाच्या मागे, टाकीपासून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंतच्या ओढीच्या लाइनमध्ये असतो. तो शोधायला वेळ लागतो, पैसे फार लागत नाहीत. म्हणून ही सगळी तपासणी सविस्तर लिहितो आहे.

माझ्यासमोर आहेत त्या महिंद्राच्या जुन्या जीप आणि कमांडर, म्हणजे पूजो परवान्याचं २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन असलेल्या, आपल्याकडे वर्षानुवर्षं वडापला धावलेल्या गाड्या. मॅटाडोर, ट्रॅक्स आणि जुने ट्रॅक्टर यांनाही बरंचसं लागू पडतं, कारण मांडणी तीच आहे: टाकी, पाइप, फीड पंप, फिल्टर, इंजेक्शन पंप, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल आणि उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन. कॉमन रेल गाड्यांचं, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या गाड्यांचं, गणित वेगळं, त्यांना हे उपाय लावू नका.

हवा आत येते, पण डिझेल बाहेर का दिसत नाही

हा प्रश्न समजला की निम्मं काम झालं. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो, म्हणून टाकी ते फीड पंप या भागातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे पाइपला बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. शहाळ्याच्या स्ट्रॉला वरच्या बाजूला भोक पडलं की पाणी तोंडात येत नाही आणि कपड्यावरही सांडत नाही, तसंच. त्यामुळे 'कुठंच गळत नाही, सगळं कोरडं आहे' हे ओढीच्या लाइनच्या बाबतीत समाधानाचं कारण नव्हे.

फीड पंपाच्या पुढे उलट. तिथे दाब असतो, म्हणून दोष असेल तर इंजिन चालू असताना डिझेल पाझरतं, ओलं दिसतं, वर धूळ चिकटून काळा थर बसतो. मात्र गाडी बंद झाल्यावर तोच सांधा हवा आत सोडू शकतो. फिल्टर आणि पंप उंचावर, टाकी खाली. कुठूनही हवा मिळाली की रात्रभरात लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं. सकाळी पंपात जे थोडं उरलेलं असतं त्यावर गाडी क्षणभर चालते, मग हवेचा टप्पा येतो आणि ती बंद पडते.

नोझल उघडायला शंभर बारच्या पुढे दाब लागतो. डिझेल फारसं दबत नाही, म्हणून तो दाब नोझलपर्यंत पोचतो. हवा मात्र दबते आणि पुन्हा फुगते. पंपाचा सगळा जोर त्या हवेला दाबण्यात जातो आणि नोझल उघडतच नाही. डिझेल गाडीला एवढीशी हवाही चालत नाही ती यामुळे.

आधी सायलेन्सरकडे बघा

सेल्फ मारताना एक माणूस मागे उभा करा. पांढरट-करडा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय, पण पेटत नाहीये. अशा वेळी एअर काढत बसण्यात अर्थ नाही. हीटर प्लग (गार इंजिनात आतली हवा तापवणारे प्लग) तपासा, बॅटरी तपासा, सेल्फ इंजिन पुरेसं जोरात फिरवतोय का बघा, आणि त्यानंतर कॉम्प्रेशनचा विचार करा. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाही, आणि हा लेख तुमच्यासाठी आहे.

त्याच वेळी दोन फुकटच्या गोष्टी पाहून घ्या. गाडी बंद करायची ओढणी पूर्ण आत गेली आहे ना? केबल गंजून अर्धवट अडकलेली असते आणि पंपावरचा लिव्हर 'बंद'कडेच राहतो. काही गाड्यांना ओढणीऐवजी पंपावर सोलेनॉइड असतो. चावी फिरवल्यावर त्याचा 'टक' आवाज यायला हवा. आला नाही तर वायर सैल आहे का बघा.

तक्रारीचा वेळ काय सांगतो

दोष कधी दिसतो याला फार महत्त्व आहे, आणि मेकॅनिकला आपण नेमकं तेच सांगत नाही.

फक्त सकाळी त्रास, नंतर ठणठणीत: लाइन रात्रभरात रिकामी होते आहे. इथे एक सोपी परीक्षा घ्या. एक रात्र गाडी तोंड चढाकडे करून लावा, दुसऱ्या रात्री तोंड उताराकडे. तोंड वर असताना सकाळी छळते आणि तोंड खाली असताना पहिल्या सेल्फला चालू होते, असं झालं तर लाइन मागे उतरत असल्याचा तो चांगला पुरावा आहे. टाकी मागे असेल तेव्हा हा फरक ठळक दिसतो. जुन्या काही जीपना टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, तिथे कमी जाणवेल.

टाकी अर्ध्याच्या खाली गेली की त्रास सुरू, फुल केली की बंद: टाकीतल्या उभ्या नळीला चीर किंवा गंजाचं भोक असू शकतं. डिझेल त्या भोकाच्या वर असेपर्यंत काही कळत नाही. टाकी भरलेली असताना ओढही कमी लागते, म्हणून बाहेरचा एखादा किंचित सैल सांधाही तोवर निभावून नेतो.

आयडलिंगला छान, घाटात दम तोडते: डिझेल येतंय पण पुरेसं येत नाही. फिल्टर, टाकीतली जाळी, चेपलेला पाइप.

अर्धा तास चालून बंद पडते, थोडं थांबलं की पुन्हा चालू: टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक तुंबलेलं असण्याची दाट शक्यता. डिझेल कमी होतं तसं टाकीत हवा शिरायला हवी, ती शिरत नाही, आत ओढ तयार होते आणि फीड पंप हरतो. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच झाकण उघडा. 'सूंऽ' आवाज येऊन हवा आत गेली तर चोर सापडला. आवाज आला नाही तर टाकीत तरंगणारा कचरा, जुन्या फडक्याचा तुकडा, सुटलेलं सीलंट असं काही नळीच्या तोंडाशी चिकटत असेल. ओढ थांबली की ते खाली पडतं, म्हणून थांबल्यावर गाडी बरी होते.

गार असताना उत्तम, गरम झाल्यावर बंद केली की चालूच होत नाही: हे लक्षण खरोखर पंपाकडे बोट दाखवतं. रोटरी पंपाचा (फिरत्या रोटरने सगळ्या नोझलना डिझेल वाटणाऱ्या इंजेक्शन पंपाचा) हेड-रोटर झिजला की गरम, पातळ झालेलं डिझेल आतल्या आत निसटतं आणि सेल्फच्या मंद गतीला दाब तयार होत नाही. ओलं गार फडकं पंपावर थोडा वेळ ठेवून गाडी चालू झाली तर पंपवाल्याकडे जायला हरकत नाही.

गवंड्याची नळी आणि एक कॅन

आता मुख्य तपासणी. गवंडी लेव्हल काढायला जी पारदर्शक नळी वापरतात ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तुमच्या लाइनच्या मापाची फूटभर आणा. फीड पंपाच्या अलीकडे, म्हणजे टाकीकडून डिझेल येतं त्या बाजूला, रबरी पाइपाच्या जागी ती बसवा. क्लिप नीट लावा, नाहीतर तुमची तपासणीच हवा ओढेल. एअर काढून गाडी चालू करा आणि नळीकडे पाहत राहा. सुरुवातीला चार बुडबुडे येतातच, ते काही मिनिटांत संपले पाहिजेत. बुडबुड्यांची माळ थांबतच नसेल, रेस दिल्यावर वाढत असेल, तर हवा फीड पंपाच्या मागून येते आहे. नळीत स्वच्छ डिझेल दिसतंय आणि तरी रिटर्न लाइनमधून बुडबुडे येताहेत, तर दोष फीड पंपापासून पुढे. ही नळी फक्त तपासणीपुरती. डिझेलने ती कडक होते आणि इंजिनच्या उष्णतेने मऊ पडते, म्हणून काम झालं की काढून डिझेलसाठीचाच पाइप लावा.

यानंतर कॅन. पाचेक लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात स्वच्छ गाळलेलं डिझेल, तो फीड पंपाच्या पातळीपेक्षा उंच आणि गरम मॅनिफोल्डपासून दूर घट्ट बांधा. फीड पंपाची ओढ त्यात टाका आणि रिटर्नची नळीही त्यातच सोडा. आता मूळ टाकी आणि तिची सगळी लाइन बाजूला झाली. रात्रभर गाडी याच अवस्थेत ठेवा. सकाळी पहिल्या सेल्फला चालू झाली तर पंप, नोझल यांना हातही लावू नका, दोष बहुधा मागे आहे. तरीही छळली तर मागची लाइन निर्दोष समजा आणि पुढे शोधा. एका रात्रीत अर्धी गाडी संशयातून मुक्त होते, म्हणून सगळ्या तपासण्यांत मला ही सगळ्यात मोलाची वाटते.

वाईच्या बाजूला आमच्या एका नातेवाइकांची कमांडर आहे. पसरणी घाटात दम तोडायची आणि सकाळी तासभर खायची. पंप आणि नोझल दोन्हीचं काम करून झालं होतं. कॅनवर लावली तर सकाळी लगेच चालू झाली आणि घाटही तिसऱ्या गिअरला खेचायला लागली. मग मागचा शोध सुरू झाला. टाकीजवळ लोखंडी पाइपाला जोडणारा रबरी पाइप वरून चांगला दिसत होता. क्लिप सरकवल्यावर तिच्या कडेखाली गोल चीर निघाली. टाकीतली जाळीही काळ्या चिकट गाळाने निम्मी भरलेली होती.

या दोन दोषांचं एकमेकांशी नातं आहे. जाळी तुंबली की फीड पंपाची ओढ वाढते, आणि ओढ वाढली की एरवी कसाबसा टिकलेला सांधाही हवा घेऊ लागतो. म्हणून चीर सापडली तरी तिथे थांबू नका, जाळीही धुवा. फक्त पाइप बदलला असता तर काही महिन्यांनी दुसरा सांधा फुटला असता.

हवा शिरण्याच्या जागा

टाकीकडून सुरुवात करा. चॅसीच्या कडेने जाणारा लोखंडी पाइप क्लॅम्पखाली घासून झिजतो, कोकणातल्या गाड्यांचा तर आतून-बाहेरून गंजतो. क्लॅम्प सोडून त्याखाली बघितल्याशिवाय तो चांगला आहे असं म्हणू नका. रबरी पाइप वाकवून बघा. पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या की सगळेच बदला, एकेक नको. क्लिप जास्त आवळल्यानेही पाइप कापला जातो.

फीड पंप दोन तऱ्हेचे येतात. ब्लॉकवर बसणारा, पडद्याचा, ज्याला मेकॅनिक एसी पंप म्हणतात, आणि इनलाइन पंपाच्याच (प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या असलेल्या इंजेक्शन पंपाच्या) अंगावर बसणारा पिस्टनचा. पिस्टनवाल्याच्या हँड प्राइमरचं सील झिजलं की तिथूनच हवा जाते. मूठ पूर्ण दाबून आवळलेली आहे ना हेही बघा. पडद्याच्या पंपाला वाटी असेल तर तिचं पॅकिंग तपासा.

पडदा फाटला असेल तर प्रकरण गंभीर आहे. डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढा: ऑइलची पातळी वर चढली आहे, ते पातळ झालंय, डिझेलचा वास येतोय, असं दिसलं तर गाडी चालवू नका. बेअरिंग जातील, आणि पातळ ऑइलवर इंजिन बेफाम पळू शकतं. पडदा आणि ऑइल दोन्ही बदलल्यावरच पुढे जा.

फिल्टरपाशी सगळ्यात जास्त चुका होतात. नवीन फिल्टर बसवताना जुनी रबरी रिंग वर चिकटलेली राहते आणि दोन रिंगा एकावर एक बसतात. किंवा रिंग मुरडते. बँजो बोल्टचे (ज्यातून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर तेच तेच पुन्हा वापरले जातात. तांब्याचा वॉशर एकदा दबला की कडक होतो. नवा घालणं उत्तम. गावात मिळत नसेल तर जुना लालबुंद तापवून थंड केला की तांबं मऊ पडतं आणि पुन्हा बसतं. दोन फिल्टरची मांडणी असेल तर पहिला कापडी आणि दुसरा कागदी, उलटे बसवू नका.

रिटर्नची बाजू विसरली जाते. नोझलांना जोडणाऱ्या कापडी वेष्टणाच्या बारीक नळ्या आणि शेवटच्या नोझलवरची टोपी वाळून तडकते. तिथून गाडी बंद असताना हवा शिरते आणि पंप रिकामा होतो. या नळ्यांची किंमत अगदी किरकोळ असते, सगळ्या एकदम बदलून टाका.

रबराबद्दल आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचं बीएस-६ डिझेल मिळतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले रबर फुगवणारे घटकही कमी होऊ शकतात. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा जुन्या पंपांच्या नायट्राइल रबरी रिंगा आकसून गळती लागल्याच्या तक्रारी आल्या होत्या. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांची मूळ रिंग अजून तशीच असेल तर ती बदला, आणि मिळत असेल तर व्हायटॉनची (डिझेलला जास्त टिकणाऱ्या रबराची) घ्या.

डोळ्यांना चीर सापडतच नसेल तर ओढीची लाइन दाबाखाली आणावी लागते. टाकी काठोकाठ भरा आणि गाडीचं मागचं टोक चढाकडे करून उभी करा. डिझेलच्या वजनाने पुष्कळदा सांधा ओला होतो. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा टाकीत कधीच सोडू नका, पत्र्याची टाकी फुटते.

एअर काढण्याची पद्धत

सांधे दुरुस्त झाल्यावर एअर क्रमाने काढायची. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हँड पंप मारा. फेस जाऊन अखंड धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, त्याच रीतीने. एसी पंपाचा लिव्हर हलतोय पण जोर लागत नाही असं वाटलं तर पंप खराब समजू नका. पंपाला हलवणारा इंजिनातला कॅम उंचावर थांबलेला असतो. पुलीने इंजिन थोडं फिरवा, लिव्हरला जोर येईल. त्यानंतरही चालू झाली नाही तर दोन नोझलांचे नट अर्धा फेरा सैल करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, डिझेल उडायला लागलं की आवळा. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांहून जास्त सलग नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

या वेळी चेहरा आणि हात लांब ठेवा. नोझल पाइपमधून सुटणारी बारीक धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत डिझेल पसरतं आणि बोट गमावायची वेळ येते. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना दाबाखालचं डिझेल शिरलंय असं स्पष्ट सांगा.

एअर क्लीनरवर पेट्रोलचा बोळा धरून गाडी चालू करण्याची पद्धत सोडून द्या. हीटर प्लग तापलेले असताना ती वाफ वेळेआधी भडकते. पिस्टन फुटतो, माणूसही भाजतो. स्टार्टिंग स्प्रेचंही तेच.

वरवरचे उपाय

लाइनमध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह टाकून सकाळचा त्रास थांबवता येतो. पण हवेची वाट तशीच राहते, आणि स्वस्तातला व्हॉल्व्ह स्वतःच डिझेल अडवतो. दूरच्या प्रवासात अडलात तर तात्पुरता चालेल, घरी आल्यावर काढा.

टाकीजवळ बारा व्होल्टचा इलेक्ट्रिक पंप बसवणारेही बरेच आहेत. त्याने ओढीची लाइन दाबाची होते, म्हणून लपलेली चीर गळायला लागते, आणि शोधासाठी हे उपयोगीच आहे. मात्र इंजिनवरचा एसी पंप तसाच ठेवून हा जोडू नका. त्याचा पडदा फाटला तर इलेक्ट्रिक पंप टाकीतलं डिझेल सरळ ऑइल चेंबरमध्ये ढकलत राहील.

एवढं सगळं करून, कॅनवरही गाडी छळत असेल आणि नळीत एकही बुडबुडा नसेल, तर पंप उतरवा. मग तो टेस्ट बेंचवर लावणाऱ्याकडेच द्या. उघडण्याआधी सेल्फच्या गतीला प्रत्येक लाइनमधून किती डिझेल येतं ते मोजून घ्यायला सांगा, दुरुस्तीनंतर पुन्हा मोजायला सांगा, आणि दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या. नोझलचाही उघडण्याचा दाब आणि फवारा तुमच्यासमोर बघा. गाडीवर परत चढवताना टायमिंगची खूण जुळवायची असते, म्हणून काढण्याआधी पंपाच्या फ्लँजवर आणि ब्लॉकवर छिन्नीने बारीक रेघ मारून ठेवा.